स्की शर्यत कशी पाहावी: पहिल्यांदाच पाहणाऱ्यासाठी

स्की शर्यत पहिल्यांदा पाहणाऱ्याची अडचण ठरलेली असते. डोंगरावरून एक जण खाली येतो, मग दुसरा येतो, मग तिसरा. सगळे तितक्याच वेगात, तितकेच वाकलेले. हेल्मेट आणि गॉगलमुळे चेहराही दिसत नाही. धावण्याच्या शर्यतीत कोण पुढे आणि कोण मागे हे लहान मूलही सांगतं. इथे उतारावर एका वेळी एकच खेळाडू असतो. पाचसहा जण उतरून झाले की पाहणारा कंटाळून उठतो. मला याचं फार वाईट वाटतं, कारण थोडं आधी कुणी दोन-तीन गोष्टी सांगितल्या असत्या तर तो माणूस जागेवरून हलला नसता.

मी सांगणार आहे ती मुख्य गोष्ट एकच आहे. इथली लढत घड्याळाशी असते, म्हणून पाहताना सतत विचारायचं: वेळ कुठे गेला? कोणत्या वळणावर, कशामुळे? बाकी सगळं या प्रश्नाभोवती आपोआप जमत जातं. क्रॉस-कंट्री आणि स्की जंपिंग हे वेगळे खेळ आहेत, त्यांचे नियमही वेगळे. इथे फक्त उतारावरच्या, म्हणजे अल्पाइन शर्यतींबद्दल बोलू.

पहिली पायरी: चार प्रकार ओळखा

स्लालम, जायंट स्लालम, सुपर-जी आणि डाउनहिल. या क्रमाने गेट्समधलं, म्हणजे मार्ग आखण्यासाठी बर्फात रोवलेल्या खांबांमधलं अंतर वाढतं, वेग वाढतो आणि स्की लांब होत जातात. पुरुषांच्या स्लालममध्ये स्कीची किमान लांबी १६५ सेंटीमीटर असते, डाउनहिलमध्ये २१८. यावरूनच दोन खेळाडूंच्या शरीरात आणि स्वभावात किती फरक लागत असेल याची कल्पना येते.

स्लालममध्ये मिनिटभरात साधारण साठ-सत्तर वळणं घ्यावी लागतात. खेळाडू नडगीवर आणि हातावर संरक्षक पट्ट्या बांधून गेटच्या खांबांवर सरळ आदळत जातो; खांबाला तळाशी बिजागरी असल्यामुळे तो आडवा पडतो आणि पुन्हा उभा राहतो. नियम मात्र कडक आहे: दोन्ही पाय आणि दोन्ही स्कीची टोकं गेटच्या योग्य बाजूने गेलीच पाहिजेत. एक टोक खांबाच्या आतून गेलं की शर्यत संपली. जायंट स्लालममध्ये वळणं रुंद आणि लांब होतात. जाणकार मंडळी या प्रकाराला तंत्राचा पाया मानतात, आणि मलाही ते पटतं. हे दोन्ही प्रकार दोन फेऱ्यांचे आहेत आणि दोन्ही फेऱ्यांची वेळ मिळवून निकाल लागतो.

सुपर-जी आणि डाउनहिल एकाच फेरीत संपतात. डाउनहिलला आधी सरावाच्या फेऱ्या होतात, त्यामुळे खेळाडूला उतार पूर्ण वेगात अनुभवायला मिळतो. सुपर-जीला ती सोय नाही. सकाळी मार्गाची पाहणी करायची, सगळं लक्षात ठेवायचं आणि थेट शर्यतीतच पहिल्यांदा पूर्ण वेगाने उतरायचं. म्हणून सुपर-जीमध्ये अनुभव आणि अंदाज फार मोलाचे ठरतात.

सुरुवात स्लालमच्या दुसऱ्या फेरीपासून करा. ती तासाभरात संपते आणि तिच्यात चुरस आपोआप वाढत जाते. कशी, ते पुढे येईलच.

दुसरी पायरी: पडद्यावरचे आकडे वाचा

खेळाडू उतरत असताना पडद्यावर त्याची वेळ चालू असते आणि ठरावीक टप्प्यांवर एक आकडा चमकतो. हिरवा असेल तर तो सध्याच्या आघाडीवीराच्या पुढे आहे, लाल असेल तर मागे. इतकं सगळ्यांना पाच मिनिटांत कळतं आणि बहुतेक जण इथेच थांबतात. खरी माहिती दोन आकड्यांच्या मधे असते.

समजा पहिल्या टप्प्यावर कुणी ०.३० सेकंदांनी पुढे आहे आणि दुसऱ्या टप्प्यावर ०.०८ ने. रंग अजून हिरवाच आहे, समालोचकही अजून उत्साहात आहे, पण मधल्या तुकड्यात त्याने ०.२२ सेकंद घालवले आहेत. तिथे काहीतरी घडलं. तुम्ही ते पाहिलं का? नसेल पाहिलं तर पुढच्या खेळाडूच्या वेळी बरोबर त्याच तुकड्यावर नजर ठेवा. चारपाच जण उतरेपर्यंत त्या डोंगरावरची अवघड जागा तुम्हाला स्वतःलाच सापडते, आणि तो आनंद वेगळाच असतो.

वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजतात. ताशी १०८ किलोमीटर वेगाने जाणारा खेळाडू एका सेकंदात ३० मीटर जातो, म्हणजे ०.०१ सेकंदात ३० सेंटीमीटर. दीड मिनिटाच्या शर्यतीत पदकाचा फैसला जेमतेम हातभर अंतरावर होतो. २०१४ च्या सोची ऑलिम्पिकमध्ये महिलांच्या डाउनहिलमध्ये तेवढंही अंतर उरलं नाही. स्वित्झर्लंडची डोमिनिक जिसिन १ मिनिट ४१.५७ सेकंदांत खाली आली. नंतर स्लोव्हेनियाची टीना माझे उतरली आणि तिच्या नावापुढे नेमकी तीच वेळ उमटली. दोघींना सुवर्णपदक मिळालं आणि दोघी हात धरून विजयमंचावर चढल्या.

तिसरी पायरी: खेळाडूकडे नको, बर्फाकडे पाहा

नवखा प्रेक्षक खेळाडूच्या डोक्याकडे आणि हातांकडे पाहतो. नजर खाली, स्कीच्या कडेवर आणा. चांगल्या वळणात स्की कडेवर तिरपी उभी राहते आणि बर्फावर एकच बारीक रेघ कापत जाते. बर्फ उडतो, पण थोडा. वाईट वळणात स्की आडवी घसरते आणि बाजूला बर्फाचा मोठा फवारा उडतो. पाहायला तो फवारा सुंदर दिसतो, पण तो ब्रेक आहे. जितका बर्फ उडाला तितका वेग गेला. आवाजाकडेही कान ठेवा: कडक बर्फावर घसरणारी स्की खरखरते, कापणारी स्की जवळजवळ गप्प असते.

विश्वचषकातला मार्ग मऊ भुसभुशीत बर्फाचा नसतो. आयोजक बर्फात पाणी मुरवून तो गोठवतात, म्हणजे पन्नास-साठ जण उतरूनही पृष्ठभाग टिकतो. अशा बर्फावर साधा माणूस उभासुद्धा राहू शकत नाही. एकदा हे कळलं की प्रत्येक वळणाकडे पाहण्याची आपली नजर बदलते.

दुसरी गोष्ट म्हणजे वळण सुरू कधी झालं. उत्तम खेळाडू गेटच्या वरच्या बाजूलाच वळणाचा बराचसा भाग उरकतो. गेटपाशी येईपर्यंत त्याची स्की पुढच्या गेटकडे रोखलेली असते. उशीर झालेला खेळाडू गेटपाशी पोहोचल्यावर वळायला लागतो, त्यामुळे तो उतारावर खाली ओढला जातो आणि पुढच्या गेटला आणखी उशिरा पोहोचतो. एका गेटवरची चूक तीन-चार गेट्सनंतर उघड्यावर येते. स्लालममध्ये कुणी अचानक मार्गाबाहेर फेकला गेला की पुनर्प्रक्षेपणात त्याच्या आधीचं तिसरं वळण पाहा. कारण बहुतेक वेळा तिथेच असतं.

चौथी पायरी: बिब नंबर आणि उतरण्याचा क्रम

प्रत्येकाच्या अंगावर बिब, म्हणजे नंबर लिहिलेलं बिनबाह्यांचं वस्त्र असतं, आणि तो नंबर त्याचं निम्मं नशीब सांगतो. क्रमवारीत वरचे खेळाडू लवकर उतरतात, कारण त्या वेळी बर्फ ताजा आणि सपाट असतो. जसजसे लोक उतरतात तसतशा वळणांवर खाचा पडतात, खड्डे होतात. चाळिसाव्या नंबरच्या खेळाडूला पहिल्यापेक्षा वेगळाच डोंगर मिळतो. म्हणून चाळिसाव्या क्रमांकावर उतरून पहिल्या पंधरात येणाऱ्यासाठी मी विजेत्याइतक्याच मनापासून टाळ्या वाजवतो. कुणाचा बिब लाल दिसला तर तो त्या प्रकाराच्या गुणतक्त्यात अव्वल आहे असं समजा.

विश्वचषकात स्लालम आणि जायंट स्लालमच्या दुसऱ्या फेरीत फक्त पहिले तीस जण येतात आणि ते उलट्या क्रमाने उतरतात: तिसावा सर्वांत आधी, पहिला सर्वांत शेवटी. त्यामुळे प्रत्येक नवा खेळाडू आधीच्यापेक्षा जास्त बचत घेऊन उतरतो आणि खराब होत चाललेल्या बर्फावर ती टिकवायची धडपड करतो. शेवटचा खेळाडू वर सुरुवातीच्या दारात उभा असतो तेव्हा खाली सगळ्यांचे श्वास रोखलेले असतात.

फेब्रुवारी २०२४ मध्ये फ्रान्समधल्या शामोनीच्या स्लालममध्ये स्वित्झर्लंडचा डॅनिएल यूल पहिल्या फेरीनंतर बरोबर तिसावा होता, म्हणजे दुसऱ्या फेरीत कसाबसा शिरलेला. उलट्या क्रमामुळे तो सर्वांत आधी, अस्पर्श बर्फावर उतरला आणि झकास वेळ देऊन खाली थांबला. मग एकामागून एक एकोणतीस जण उतरले. उबदार हवेत बर्फ मोडत होता आणि कुणालाच त्याच्या पुढे जाता आलं नाही. तिसाव्या स्थानावरून पहिला.

शर्यत संपल्यासारखी वाटली तरी पाहणं थांबवू नका, हे शिकवणारा प्रसंग २०१८ च्या प्योंगचांग ऑलिम्पिकमधला. महिलांच्या सुपर-जीमध्ये ऑस्ट्रियाची आना फाइट आघाडीवर होती आणि तिचं सुवर्ण सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. मग २६ नंबरचा बिब घातलेली चेक प्रजासत्ताकाची एस्टर लेडेत्स्का आली. तिची मुख्य ओळख स्नोबोर्डची. ती ०.०१ सेकंदाने पुढे गेली. खाली थांबल्यावर ती फलकाकडे नुसती बघत राहिली. तिला वाटलं आकड्यात चूक आहे. त्याच ऑलिम्पिकमध्ये काही दिवसांनी तिने स्नोबोर्डचंही सुवर्ण घेतलं.

पाचवी पायरी: शर्यतीआधीचा अर्धा तास

मार्ग प्रत्येक शर्यतीला नव्याने आखला जातो. गेट्स कुठे रोवायची हे स्लालम आणि जायंट स्लालममध्ये सहभागी संघांचे प्रशिक्षक ठरवतात, आणि दोन फेऱ्यांना दोन वेगळे प्रशिक्षक असतात. कुणी सलग तालात आखतो, कुणी मधेच ताल तोडतो. पाहणीच्या वेळी खेळाडू मार्गाच्या कडेने हळूहळू घसरत खाली येतात आणि प्रत्येक गेट पाठ करतात.

सुरुवातीच्या झोपडीपाशी कॅमेरा गेला तर चुकवू नका. डोळे मिटून उभे असलेले खेळाडू हाताचे तळवे डावी-उजवीकडे वळवत असतात. मनातल्या मनात ते पूर्ण शर्यत उतरत असतात. गायक मैफलीआधी बंदिश मनात घोळवतो, तसंच काहीसं. कधीकधी त्या हातांवरूनच वळणांचा ताल ओळखता येतो.

सहावी पायरी: एक डोंगर निवडा आणि तो पाठ करा

डाउनहिलमध्ये दर वर्षी त्याच त्या डोंगरांवर शर्यती होतात. हे नव्या प्रेक्षकासाठी वरदान आहे. एका उताराच्या पाच-सहा जागांची नावं लक्षात ठेवली की दर जानेवारीत तुम्ही ओळखीच्या घरी परत जाता.

माझी शिफारस ऑस्ट्रियातल्या किट्झब्युलच्या श्ट्राइफची. तिथली हानेनकाम शर्यत १९३१ पासून चालू आहे. मार्ग ३,३१२ मीटर लांब, उंचीचा फरक ८६० मीटर. दारातून सुटल्यावर काही सेकंदांतच 'माउसेफाले' येते, म्हणजे उंदराचा सापळा. उतार इथे ८५ टक्क्यांपर्यंत जातो आणि खेळाडू हवेत फेकला जातो. त्यानंतर लगेच कडक, तिरपा 'श्टाइलहांग'. सगळ्यांचं लक्ष इथल्या थराराकडे असतं, पण तुम्ही बाहेर पडणारं शेवटचं वळण पाहा. त्याच्यापुढे जवळजवळ सपाट, लांब रस्ता आहे. तिथे गुडघ्यात वाकून गोळा होऊन बसण्यापलीकडे खेळाडूला काही करता येत नाही. श्टाइलहांगमधून जो वेग घेऊन बाहेर पडला तोच त्या सपाटीवर पुरवायचा. आकडा लाल होतो सपाटीच्या शेवटी, पण वेळ गेलेला असतो त्या वळणावर, बऱ्याच आधी. अख्ख्या खेळाचं मर्म समजावणारी याहून चांगली जागा मला माहीत नाही. शेवटी 'हाउसबेर्गकांटे'ची उडी, मग थरथरत्या पायांनी पार करायचा आडवा उतार आणि सरळ अंतिम रेषा. ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ श्ट्रोबलने १९९७ मध्ये इथे १ मिनिट ५१.५८ सेकंद वेळ दिली. स्वित्झर्लंडचा डिडिए कुश इथली डाउनहिल पाच वेळा जिंकला.

दुसरा डोंगर स्वित्झर्लंडमधल्या वेंगेनचा, लाउबरहॉर्न. विश्वचषकातली ही सर्वांत लांब डाउनहिल, जवळपास साडेचार किलोमीटर. साधारण अडीच मिनिटं लागतात. 'हुंडशॉप्फ'ला खडकांच्या अरुंद फटीवरून उडी घ्यायची. पुढच्या एका सरळ उतारावर २०१३ मध्ये फ्रान्सच्या योहान क्लारेचा वेग ताशी १६१.९ किलोमीटर नोंदला गेला. पण इथला खरा शत्रू थकवा. दोन मिनिटं मांड्या पेटत असताना शेवटी एक जोड-वळण येतं, आणि तिथे नामवंतांचे पायही लटपटतात.

सातवी पायरी: मोसमाचा हिशेब

विश्वचषक ही एक स्पर्धा नाही, तो आख्खा हिवाळा आहे. सुरुवात ऑक्टोबरच्या शेवटी ऑस्ट्रियात सोल्डेनच्या हिमनदीवर आणि शेवट मार्चमध्ये. पहिल्याला १०० गुण, मग ८०, ६०, ५०, ४५ असे उतरत तिसाव्याला १. मोसमाच्या शेवटी प्रत्येक प्रकारात अव्वल असणाऱ्याला छोटा स्फटिक गोल, म्हणजे पृथ्वीच्या गोलासारखा काचेचा करंडक मिळतो आणि सगळ्या प्रकारांची बेरीज करून मोठा. पहिल्या आणि दुसऱ्यातला २० गुणांचा फरक पाहा: जिंकण्याला इथे किंमत आहे, पण पूर्ण मोसमभर न पडता खाली येण्यालाही आहे. टीना माझेने २०१२-१३ च्या मोसमात २,४१४ गुण मिळवले. पुरुषांमध्ये स्वित्झर्लंडच्या मार्को ओडरमाटने २०२२-२३ मध्ये २,०४२ गुणांपर्यंत मजल मारली आणि ऑस्ट्रियाच्या हेरमान मायरचा २,००० गुणांचा जुना विक्रम मागे टाकला.

जागतिक अजिंक्यपद विषम वर्षी होतं आणि ऑलिम्पिक चार वर्षांनी. तिथे सगळं एका दिवसावर. ऑस्ट्रियाचा मार्सेल हिर्शर २०१२ ते २०१९ सलग आठ वर्षं मोठा गोल जिंकला. तरीही त्याला पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण मिळायला २०१८ उजाडलं. खेळाडू किती मोठा हे ठरवताना मी गोलाला पदकापेक्षा जास्त वजन देतो.

आठवी पायरी: विजेत्यांना भेटा

जुन्या शर्यतींची चित्रणं सहज मिळतात. सगळं पाहत बसू नका, थोडीच पाहा पण पुन्हा पुन्हा पाहा.

पहिलं, फ्रान्झ क्लामर, इन्सब्रुक १९७६. पिवळ्या पोशाखातला हा ऑस्ट्रियन आपल्याच प्रेक्षकांसमोर उतरला. स्वित्झर्लंडचा बर्नहार्ड रुसी आघाडीवर होता आणि मधल्या टप्प्यावर क्लामर त्याच्या मागे होता. हात हवेत, एक पाय उचललेला, कडेच्या कुंपणाला जवळजवळ घासून जाणारा. शेवटी तो ०.३३ सेकंदांनी जिंकला. तंत्राच्या दृष्टीने हा नमुना नव्हे, पण मागे पडलेला वेळ खेचून आणणं म्हणजे काय ते डोळ्यांना दिसतं.

त्याच्या नेमका उलट, स्वीडनचा इंगेमार स्टेनमार्क. ८६ विजय, सगळेच्या सगळे स्लालम आणि जायंट स्लालममध्ये. १९७९ मध्ये चेकोस्लोव्हाकियातल्या यास्नाला त्याने एक जायंट स्लालम ४.०६ सेकंदांनी जिंकला. शंभराव्या भागांच्या या खेळात चार सेकंद. त्याचा वरचा अर्धा देह पाहा. पाय वळत असतात आणि खांदे शांत.

हेरमान मायरची दोन चित्रणं पाठोपाठ पाहायची. १९९८ च्या नागानो ऑलिम्पिकमधली डाउनहिल, ज्यात तो हवेत आडवा होऊन दूर भिरकावला गेला आणि कुंपणाच्या जाळ्या तोडून पलीकडे गेला. आणि तीन दिवसांनंतरची सुपर-जी, जी त्याने जिंकली. नंतर जायंट स्लालमही.

मग अमेरिकेची मिकाएला शिफ्रिन. २०१४ मध्ये सोचीला अठराव्या वर्षी तिने स्लालमचं सुवर्ण घेतलं. दुसऱ्या फेरीत मधेच तिचा तोल गेला, स्की बर्फावरून सुटल्या, आणि पुढच्या गेटच्या आत ती पुन्हा तालात होती. ते दोन सेकंद हळू करून पाहा. मार्च २०२३ मध्ये स्वीडनच्या ओरे इथे तिने स्टेनमार्कचा ८६ विजयांचा विक्रम मोडला. नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या किलिंग्टनला पडून तिच्या पोटाच्या बाजूला खोल जखम झाली. त्यानंतर फेब्रुवारी २०२५ मध्ये इटलीतल्या सेस्त्रिएरेला ती शंभरावा विजय नोंदवून गेली.

अमेरिकेच्याच लिंडसे वॉनचं नाव शिफ्रिनसोबत घेतात, पण दोघींची तुलना करू नये असं माझं मत आहे. वॉनने २०१९ मध्ये निवृत्ती घेतली तेव्हा तिचे ८२ विजय होते, त्यातले ४३ डाउनहिलचे. एकीची कला तालाची, दुसरीची वेगाची. गुडघ्यात अर्धवट कृत्रिम सांधा बसवून वॉन परत आली आणि मार्च २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सन व्हॅलीच्या सुपर-जीत दुसरी आली.

पडण्याबद्दल

हा खेळ पाहायचा तर पडणंही पाहावं लागतं. पडलेला खेळाडू स्वतः उठेपर्यंत किंवा मदत पोहोचेपर्यंत पुढचा दारात थांबवून ठेवतात; त्या वेळी पडदा शांत होतो. जानेवारी २०२४ मध्ये वेंगेनला नॉर्वेचा अलेक्झांडर ओमोट किल्डे अंतिम रेषेजवळ, त्याच शेवटच्या जोड-वळणात कोसळला. खांदा निखळला आणि स्कीच्या कडेने पोटरी खोलवर कापली गेली. २०२४-२५ पासून डाउनहिल आणि सुपर-जीमध्ये अंगात एअरबॅग सक्तीची झाली, तशीच कापली न जाणारी आतली वस्त्रंही. वारंवार दाखवली जाणारी पडझडीची दृश्यं मी बंद करतो. पण कुणी का पडला ते एकदा पाहतो, कारण तेही त्याच प्रश्नाचं उत्तर असतं.

पहिल्या शनिवार-रविवारसाठी

स्लालमची पहिली फेरी पाहिली नाही तरी चालेल. दुसऱ्या फेरीला कागद-पेन्सिल घेऊन बसा. पहिले दहा जण उतरतील तेव्हा प्रत्येकाच्या टप्प्यांवरचे आकडे लिहून काढा. कोणत्या तुकड्यात जास्त लोकांचा वेळ जातोय ते त्या रकान्यांत दिसू लागेल. उरलेल्या वीस जणांच्या वेळी बाकी सगळं सोडून फक्त त्या तुकड्यावर लक्ष ठेवा आणि आकडा चमकायच्या आधी स्वतःशी म्हणा, हिरवा की लाल. शर्यत संपल्यावर विजेत्याची आणि विसाव्या क्रमांकाच्या खेळाडूची तीच दहा गेट्स एकापाठोपाठ एक लावून पाहा. फवारा कुणाचा मोठा आहे ते मोजा.